ऐरोली, पारसिक हिल, सोपारा, लोनाड : जवळच्या जवळची धम्मयात्रा

गुरुवार, ऐरोली

सव्वीस जानेवारी गुरुवारी आली, शुक्रवारची रजा टाकली की रविवारपर्यंत सलग सुट्टी. आधी अजिंठ्याला जायचं चाललं होतं पण मावशीला एवढा लांबचा प्रवास आत्ता नको होता, काका गेल्या पावसाळ्यात गेले तेव्हापासून ती घणसोलीच्या घरातून फारशी बाहेरच पडत नव्हती. मग मी म्हणलं लांब कशाला, आपल्या ठाण्याच्या आजूबाजूलाच बुद्धाच्या धम्माशी जोडलेल्या इतक्या जागा आहेत, रोज सकाळी निघू, रात्री कळव्याला घरी परत. दादाची ईको गाडी, चालवणार दादाच, मागे आई, मावशी आणि माझी नववीतली भाची.

भाची शाळेतलं झेंडावंदन आटपून आली होती आणि तिने तिथे बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणावर बोललं होतं, त्यामुळे ऐरोलीला जाईपर्यंत गाडीत तेच चालू. दिघ्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रोड सुट्टीमुळे रिकामा मिळाला. सेक्टर १५ मधलं बाबासाहेबांचं स्मारक लांबूनच दिसतं, पेनाच्या निबसारखा वर निमुळता होत गेलेला पांढरा घुमट. सव्वीस जानेवारी म्हणून गर्दी होती, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, लहान मुलांच्या हातात तिरंगा, सगळीकडून जय भीम जय भीम. आत फोटो बघत बघत जायला बराच वेळ लागतो आणि लावावाच, घाईत बघायची ही जागा नाही. लायब्ररी पण चांगली आहे.

भाचीने ज्या भाषणावर बोललं त्यात बाबासाहेब म्हणतात की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता असेल पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता. ते वाक्य बहुतेकांना माहीत असतं. त्याच भाषणात थोडं आधी ते सांगतात की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तीन सुटी सुटी घेता येत नाहीत, समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची बाकीच्यांवर सत्ता, आणि बंधुता नसेल तर बाकीची दोन आपोआप टिकणार नाहीत. मला हे वाचताना दरवेळी पटिच्चसमुप्पाद आठवतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी आधारावर घडते हे बुद्धाचं तत्त्व. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात भिक्खू महाकोट्ठित सारिपुत्तांना सांगतात ना, की दोन बोरूच्या पेंढ्या एकमेकींना टेकून उभ्या असतात, एक काढली की दुसरी पडते, तसं नामरूप म्हणजे मन-शरीर आणि विञ्ञाण म्हणजे जाणीव एकमेकांच्या आधारावर आहेत. बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर सांगितलंच होतं की ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. तर पेंढ्यांचा आणि या भाषणाचा संबंध मी जोडतेय, माझा आहे तो, पण मला तो ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

बाहेर सावलीत बसून चपात्या खाल्ल्या. तिथे मावशीने पहिल्यांदा विषय काढला. काकांच्या पुण्यानुमोदनाच्या वेळी भन्तेजींनी म्हणलेली गाथा तिला पाठच झाली आहे,

अनिच्चा वत संखारा, उप्पादवयधम्मिनो
उप्पज्जित्वा निरुज्झन्ति, तेसं वूपसमो सुखो

सगळे संस्कार अनित्य, उपजणं आणि नष्ट होणं हाच त्यांचा धर्म, उपजून ते निरुद्ध होतात, त्यांचं शांत होणं हेच सुख. मावशी म्हणाली, "मला कळतंय गं सगळं अनित्य आहे, पण कळून उपयोग काय, माणूस तर गेलाच ना. अनित्य म्हणजे सगळं जाणारच एवढंच सांगायचं असेल तर ते मला बुद्धाने कशाला सांगायला पाहिजे, माझं मलाच दिसतंय."

प्रश्न एकदम रास्त आहे आणि अनित्यावर बोलताना बरेच लोक तो टाळतात. आईने तिला बाबासाहेबांचं म्हणणं सांगितलं, वर्षावासात म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चं वाचन होतं त्यातलं. त्यात ते म्हणतात की सगळं अनित्य आहे म्हणूनच बाकी सगळं शक्य आहे, माणसाचा स्वभाव कायमचा ठरलेला असता तर मानवजातीची प्रगती जागेवरच थांबली असती. आई पुढे म्हणाली, आपल्या आजोबांना गावात सांगत होते की तुमचं जे आहे ते जन्माने आहे आणि तसंच राहणार, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे झालं ते, हे तसंच राहणार नाही या एका गोष्टीवर तर झालं. मावशी गप्प बसली. पटलं असं नाही म्हणाली, पण ऐकत होती.

संध्याकाळी ऐरोलीच्या खाडीकडे गेलो, जानेवारीत फ्लेमिंगो असतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. भाचीला मी सांगितलं की पिल्लू राखाडी रंगाचं असतं, गुलाबी रंग त्याला खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जीव यातल्या रंगद्रव्यातून. ते शेवाळ इथे एवढं वाढतं त्याला खाडीत सोडलेलं आपलंच सांडपाणी पण कारण आहे. म्हणजे आपल्याला जो फ्लेमिंगोचा रंग वाटतो तो शेवाळाचा, चिखलाचा, भरती-ओहोटीचा आणि आपल्या गटारांचा पण आहे. इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे हे लोक फार गोड आवाजात सांगतात, पण जोडलेलं असणं म्हणजे चांगलं असणं नाही, अन्याय पण जोडूनच उभा राहतो. बुद्ध जोडलेलं आहे म्हणून खूश व्हा असं म्हणत नाहीत. ते म्हणतात कशामुळे काय झालं ते बघ, इमस्मिं सति इदं होति, हे असलं की ते होतं, आणि पुढची ओळ जी खरी कामाची आहे, इमस्मिं असति इदं न होति, हे नसलं की ते होत नाही.

शुक्रवार, पारसिक हिल

बेलापूरला वर टेकडीवर धम्म विपुल हे विपश्यना केंद्र आहे. मी पूर्वी दहा दिवसांचं शिबिर केलेलं आहे त्यामुळे जुन्या साधकांच्या सामूहिक साधनेला एक तास बसता आलं, आधी फोन करून विचारून घेतलं होतं. ही पर्यटनाची जागा नाही, फिरायला म्हणून जाऊ नका, शिबिर चालू असेल तर आत लोक मौनात असतात. आई, मावशी वगैरे तेवढा वेळ खाली बेलापुरात थांबले.

तासभर बसले. गुडघ्यात कळ आली, वाढली, मग तिचे तुकडे झाले आणि मग ती नव्हती, परत आली. बाहेरून ऐकायला हे काहीच नाही पण पटिच्चसमुप्पादातल्या बारा निदानांच्या, म्हणजे दुःख कसं उभं राहतं त्या बारा कड्यांच्या साखळीतली नेमकी हीच जागा आहे. अविज्जा, संखार, विञ्ञाण, नामरूप, सळायतन, फस्स, वेदना, तण्हा, उपादान, भव, जाति, जरामरण, म्हणजे अज्ञानापासून म्हातारपण-मरणापर्यंत, एकामुळे दुसरं. डोळे आहेत, कान आहेत तर स्पर्श होणार, स्पर्श झाला की वेदना होणार, सुखाची किंवा दुःखाची किंवा दोन्ही नसलेली, ते थांबवता येत नाही. पण वेदनेपासून तण्हा, म्हणजे हे पाहिजेच किंवा हे नकोच, हा टप्पा आपोआप होतो असं फक्त आपल्याला वाटतं. तिथे लक्ष ठेवता येतं. साखळी तिथे तुटू शकते. गोयंका गुरुजी सगळं शिबिर याच एका जागेभोवती शिकवायचे, पहिले तीन दिवस श्वास आणि चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. ते मूळचे मंडालेचे, जन्म १९२४ चा, ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात आले, इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र नंतरचं.

खाली आल्यावर मावशीने विचारलं फी किती असते. मी म्हणलं काहीच नाही, राहणं खाणं सगळं फुकट, आणि ज्याने शिबिर पूर्ण केलंय त्याचंच दान घेतात, म्हणजे मी तिथे जेवले ते माझ्या आधी कुणीतरी बसून गेलेल्या माणसाच्या पैशाने आणि मी दिले ते माझ्यानंतर येणाऱ्या, मी कधी न बघितलेल्या माणसासाठी. स्वयंपाक करणारे पण सेवा देणारे जुने साधकच. मावशीला हे फारच आवडलं, म्हणाली हे म्हणजे पंगत झाली की, फक्त वाढणारा आणि जेवणारा एकमेकांना ओळखत नाहीत.

दादाला मात्र विपश्यनेबद्दल शंका आहे आणि त्याने ती परतीच्या रस्त्यात मांडली, की डोळे मिटून बसल्याने वस्तीतलं पाणी येणार आहे का. बाबासाहेबांनी पण त्यांच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रश्न टाकलाय की जन्म, जरा, मरण सगळंच दुःख असेल तर माणसाला आशा काय राहिली, आणि त्यांनी धम्मात माणसाने माणसाला दिलेल्या दुःखाला पुढे आणून ठेवलं. दादाचं म्हणणं बरोबर आहे. पण मला यात एक किंवा दुसरं असं निवडायचं नाहीये. पाणी न येण्याला कारणं आहेत, ती बाहेर आहेत, तिथे मोर्चा काढावा लागतो. मावशीला रात्री झोप न येण्याला पण कारणं आहेत आणि त्यातली काही आत आहेत. दोन्हीकडे पद्धत एकच, दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण गेलं की दुःख जातं, आणि ते घालवायचा मार्ग आहे. दादा म्हणाला बघू.

शनिवार, सोपारा

आज लवकर निघालो कारण घोडबंदर रोड. तरी गायमुखला अडकलोच. डाव्या हाताला येऊरचं जंगल, त्याच डोंगररांगेच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरी, तिथल्या शिलालेखांमध्ये कल्याणच्या आणि सोपाऱ्याच्या दानकर्त्यांची नावं आहेत, व्यापारी, गृहस्थ, भिक्खुणी. कान्हेरी आम्ही आधी बघितलेली म्हणून यावेळी नाही.

फाउंटनवरून हायवेला लागून नालासोपारा, मग पश्चिमेला. हा भाग २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर. बिल्डिंगा, रिक्षा, बाजार या सगळ्यातून वाट काढत गेल्यावर एकदम झाडं येतात आणि विटांचा स्तूप. गावात याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ मध्ये पुरातत्त्व अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो मधोमध खणला आणि आत दगडाची गोल पेटी निघाली. पेटीत मधे तांब्याची डबी आणि तिच्याभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती, त्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची. आणि सोन्याच्या डबीत काय, तर सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानतात ते. ते सगळं आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. मी तिथे उभी राहून भाचीला हे सांगत होते आणि ती म्हणाली म्हणजे सगळ्यात महाग डबीत फुटलेलं मडकं? हो. मला यात भक्ती दिसते, खूप प्रेमाने केलेलं काम आहे ते, आणि ज्यांनी ते केलं त्यांना पात्र फुटतं हे माहीत होतं.

सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो पण भगवानलालांनाच. आणि आठवा शिलालेख काय आहे तर प्रवासाबद्दलच! पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, शिकार आणि तसलीच मजा, पण देवानंपिय पियदसि राजा, म्हणजे अशोकच, अभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, त्यात श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांना भेटायचं, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटून धम्माबद्दल बोलायचं. नववा लेख जवळच भुईगावला मिळाला, १९५६ मध्ये, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. दादाने ते ऐकून गाडीकडे बघितलं आणि म्हणाला चला आपली पण धम्मयात्राच.

पण सोपाऱ्याला मी खरी आले होते ती बाहियासाठी. उदान या पाली ग्रंथात ही गोष्ट आहे. बाहिय दारुचीरिय, झाडाच्या सालीची वस्त्रं घालणारा, सुप्पारकात म्हणजे इथेच सोपाऱ्यात समुद्राकाठी राहायचा. लोक मान द्यायचे, त्याला वाटायला लागलं की आपण अरहंत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेले, आहोत. एका देवतेने त्याला सांगितलं की नाहीस, आणि अरहंत होण्याच्या वाटेवर पण नाहीस, जे आहेत ते श्रावस्तीला आहेत. तो तसाच निघाला. सोपारा ते श्रावस्ती, म्हणजे आपल्या वसईच्या किनाऱ्यापासून थेट उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेजवळ. पोचला तेव्हा बुद्ध भिक्षेला गेले होते, हा रस्त्यातच त्यांच्या पाया पडला, म्हणाला मला धम्म सांगा. बुद्ध म्हणाले बाहिय, ही वेळ नाही, आम्ही भिक्षेला निघालोय. तो म्हणाला, भगवंतांच्या आयुष्याला आधी धोका आहे की माझ्या हे कुणाला सांगता येणार, आत्ताच सांगा. दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा सांगितलं.

दिट्ठे दिट्ठमत्तं भविस्सति, सुते सुतमत्तं भविस्सति. बघितलेल्यात फक्त बघितलेलं असेल, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं, जाणवलेल्यात जाणवलेलं, कळलेल्यात कळलेलं. असं झालं की त्यात तू नसशील, इथे नाही, तिथे नाही, मधे नाही. आणि शेवटचे शब्द, एसेवन्तो दुक्खस्स, हाच दुःखाचा अंत.

बाहियाला तिथल्या तिथे कळलं. थोड्याच वेळात एका वासरू असलेल्या गायीने त्याला मारलं आणि तो गेला. बुद्धांनी भिक्खूंना सांगितलं तुमचा एक सोबती गेलाय, त्याचं दहन करा, त्याचा स्तूप बांधा.

मी हे स्तूपापाशी बसून सगळ्यांना वाचून दाखवलं, मोबाईलवर घेऊन आले होते. मावशी बराच वेळ काही बोलली नाही आणि मग जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहितेय, "ह्यांचा चष्मा कपाटात आहे. तो दिसला की मला आधी चष्मा दिसत नाही, मला दिसतं की आता कोण लावणार, मला एकटीला टाकून गेले, मी त्या दिवशी लवकर दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं, आणि मग दिवसभर तेच. हा बाहिया म्हणतोय की चष्मा बघ." आई म्हणाली बाहिया नाही, बुद्ध म्हणतायत. मावशी म्हणाली तेच ते.

माझ्या सगळ्या वाचनापेक्षा हे नेमकं होतं. चष्मा म्हणजे दिसणं, दिसल्यावर छातीत कळ येणं म्हणजे वेदना, ती येणारच, इतक्या वर्षांचा संसार आहे. पण त्यानंतर सुरू होतं ते, परत पाहिजेत, असं व्हायला नको होतं, माझंच चुकलं, ही तण्हा आणि उपादान म्हणजे धरून ठेवणं, आणि त्यातून दर दिवशी एक नवीन दुःखी मावशी जन्माला येते. प्रेम कमी करा असं यात कुठेच नाही. दुःखाचा निरोध म्हणजे दगड होणं असं ज्यांना वाटतं त्यांनी मावशीचा चेहरा तेव्हा बघायला पाहिजे होता, ती रडत होती आणि त्याच वेळी शांत होती.

येताना वसईच्या अलीकडे केळी घेतली. ट्रॅफिक परत तेवढंच.

रविवार, लोनाड

भिवंडीच्या बाजूला नाशिक हायवे सोडून आत गेलं की दोन्हीकडे गोदामंच गोदामं, निळे-पांढरे पत्रे, ट्रेलरच्या रांगा. आपण मोबाईलवर मागवतो ती निम्मी पार्सलं इथूनच येत असतील. त्यांच्या मधून लोनाड गाव आणि छोट्या टेकडीवर लेणं. चढ थोडाच आहे पण पायऱ्या सारख्या नाहीत, मावशी हळूहळू आली.

साधारण सहाव्या शतकाच्या आसपासचं मानतात, विहार म्हणजे भिक्खूंच्या राहण्याचं लेणं आहे, काम अर्धवटच सोडलेलं दिसतं. व्हरांड्यात एका बाजूला मोठं शिल्प, राजा, राणी, भोवती माणसं, जातककथेतला प्रसंग असावा असं अभ्यासक म्हणतात. बरंच झिजलंय. आत देवी आहे, खांडेश्वरी, शेंदूर, तेलाचा दिवा, गावातल्या बायका ओटी घेऊन आलेल्या. यावरून दादा जरा चिडला आणि त्याचं चिडणं मला कळतं, किती लेण्यांचं असं झालंय आणि तिथे बुद्धाचं नाव सांगणारा साधा बोर्ड सुद्धा नसतो. बोर्ड पाहिजेच. इतिहास पुसायला अनित्याचं कारण देणं हा खोटेपणा आहे, अनित्य हे समजून घ्यायचं तत्त्व आहे, दुसऱ्याचं हिसकावायचा परवाना नाही. पण ज्या आजींनी मावशीला हाताला धरून वर घेतलं, प्यायला पाणी दिलं, त्यांच्याशी आमचं काहीच भांडण नव्हतं. त्या म्हणाल्या आमच्या आज्यापासून आम्ही इथे झाडतोय. त्यांनी झाडलं म्हणून लेणं आज उघडं आणि स्वच्छ आहे हे पण कारणच ना.

वरून गोदामं दिसतात आणि मला सारखं वाटत होतं की हे काही नवीन नाही. सोपारा आणि कल्याण बंदरं होती, माल घाटावर जायचा यायचा, त्या व्यापाऱ्यांच्या दानातून या पट्ट्यात लेणी उभी राहिली, पाण्याच्या पोढ्या म्हणजे टाक्या खोदल्या गेल्या. व्यापार हलला, दान थांबलं, भिक्खू गेले. कोणी शाप दिला नाही, आधार गेले. आज तोच पट्टा परत मालाने भरलाय, फक्त रात्रपाळीत पेट्या उचलणाऱ्या पोरांना कोणी पोढी खोदून ठेवलेली नाही. उतरताना एका गेटबाहेर अशीच काही पोरं उन्हात टँकरची वाट बघत बसली होती, बिहार-यूपीची असतील, आमच्याकडचे पाण्याचे दोन कॅन होते ते दादाने स्वतःहून उतरवून दिले आणि कंत्राटदार कोण, पाणी का नाही, हे अर्धा तास विचारत बसला. नंबर पण घेतला एकाचा.

परतीला रांजनोली नाक्यावर नेहमीसारखी रांग लागली. मावशीने मागून विचारलं त्या बेलापूरच्या शिबिराचा अर्ज कसा भरतात. भाचीने लगेच मोबाईल काढला आणि एकेक प्रश्न वाचायला लागली, वय, भाषा, आधी काही साधना केली आहे का, तब्येतीचा काही त्रास, औषधं चालू आहेत का. झोपेच्या गोळीचं मावशी आधी सांगत नव्हती, मी म्हणलं ते खरं लिही, त्यांना माहीत असायला पाहिजे आणि डॉक्टरांना पण आधी विचारू. लिहिलं. मार्चच्या शिबिराला अर्ज टाकला, वेटिंगवर येईल बहुतेक. दादा म्हणाला तेवढे दिवस घणसोलीच्या घराची चावी माझ्याकडे दे, मी झाडांना पाणी घालतो, आणि मावशीने त्याला कुठल्या कुंडीला किती ते सांगायला सुरुवात केली.